न उलगडलेला ताप आणि यकृतातल्या टी-पेशी: पहिल्या रक्तचाचणीपासून निदानापर्यंतचा क्रम

तीन आठवड्यांहून जास्त ताप आहे, कारण सापडत नाही आणि यकृताच्या बायोप्सीचा रिपोर्ट येतो: 'पोर्टल भागात व सायनुसॉइडमध्ये टी-पेशींचा शिरकाव, वैद्यकीय माहितीशी ताडून पाहावे.' टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, पोर्टल भाग म्हणजे यकृतातली रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांची जागा, आणि सायनुसॉइड म्हणजे यकृतपेशींमधल्या बारीक रक्तवाहिन्या. या एका ओळीवरून दोन टोकांच्या चुका होतात. कुणी तिला लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग) समजून थेट केमोथेरपीची भाषा सुरू करतं. कुणी 'प्रतिक्रियात्मक आहे' म्हणून स्टिरॉइड सुरू करून रुग्णाला घरी पाठवतं. पहिल्या चुकीत संसर्ग असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आपण आणखी खाली आणतो. दुसरीत लिम्फोमा काही आठवडे झाकला जातो आणि परत येतो तेव्हा रुग्ण पूर्वीपेक्षा खूप खालावलेला असतो.

त्या ओळीत निदान नाही, फक्त वर्णन आहे. निदान हाती लागणार की नाही हे बहुतेक वेळा सुई टोचण्याआधीच ठरलेलं असतं: नमुने कुठल्या क्रमाने घेतले, कुठल्या बाटलीत ठेवले, सोबत काय लिहून पाठवलं. हा लेख प्रामुख्याने वॉर्डात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आहे. पण फाइल हातात घेऊन एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरणाऱ्या नातेवाइकांनीही टप्पा २, ४ आणि ११ जरूर वाचावेत, कारण तिथल्या काही गोष्टी त्यांच्याशिवाय कुणीच करू शकत नाही.

## टप्पा १: ताप खरंच 'न उलगडलेला' आहे का?

नेहमीची व्याख्या अशी: ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण १०१ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप अनेकदा नोंदलेला, एकूण मुदत ३ आठवड्यांहून अधिक, आणि नीट तपास करूनही कारण हाती नाही. यातला 'नोंदलेला' हा शब्द महत्त्वाचा. अंग गरम लागलं ही नोंद नव्हे. दिवसातून किमान चार वेळा थर्मामीटर लावून आकडा, वेळ आणि त्याआधी तापाची गोळी दिली होती का, एवढं एका कागदावर उतरवा.

'नीट तपास' यात किमान हे आलं: प्रतिजैविकं देण्याआधी घेतलेली रक्ताची कल्चर्स, छातीचा आणि पोटाचा स्कॅन, एचआयव्ही, लघवी, आणि डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी. ही तपासणी रोज नव्याने करायची. पहिल्या दिवशी नसलेली काखेतली गाठ दहाव्या दिवशी लागू शकते, आणि ती लागली तर कदाचित यकृताला हात लावायची गरजच पडत नाही.

पुढे जाण्याआधी तपासा: अत्यावश्यक नसलेली सगळी औषधं थांबवून पाहिली का? औषधामुळे आलेला ताप ते औषध बंद केल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जाते.

## टप्पा २: औषधांची आणि घटनांची तारीखवार यादी

यकृतात टी-पेशी जमायला लावणारी कारणं पुष्कळ आहेत, आणि त्यांतली कित्येक फक्त इतिहासातून कळतात. म्हणून एक सरळ तक्ता करा. डावीकडे तारखा, उजवीकडे घटना: ताप कधी सुरू झाला, कुठलं औषध कधी सुरू झालं, कधी बंद झालं, पुरळ कधी आलं, कावीळ कधी दिसली.

या यादीत खास शोधायच्या गोष्टी:

- फिट्सची औषधं, ॲलोप्युरिनॉल, सल्फा गटातली औषधं. ताप, पुरळ, इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढणं आणि यकृताला सूज असा औषधाचा तीव्र प्रकार साधारण २ ते ८ आठवड्यांनी उमटतो. त्यामुळे 'ते औषध तर महिनाभर चालू आहे, त्याचा काय संबंध' हा युक्तिवाद इथे चालत नाही.
- ॲझाथायोप्रिन आणि त्याच्या जोडीला टीएनएफ-विरोधी (सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी) इंजेक्शनं, विशेषतः आतड्यांच्या क्रोन्स आजारासाठी. तरुण पुरुषात हा इतिहास असेल तर हेपॅटोस्प्लेनिक (यकृत-प्लीहेत पसरणारा) टी-सेल लिम्फोमा यादीत वर घ्या.
- कर्करोगासाठी दिलेली इम्यूनोथेरपी. तिच्यामुळे होणाऱ्या यकृताच्या सुजेत सीडी८ टी-पेशींचाच भरणा असतो (सीडी आणि आकडा म्हणजे पेशीवरची ओळखखूण).
- अवयव किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण.
- जडीबुटी, भस्मं, 'ताकदीची' पावडर, जिममधले डबे. 'औषध घेता का?' या प्रश्नाला लोक यांचं नाव घेत नाहीत. वेगळं विचारावं लागतं.
- जनावरांशी संबंध, कच्चं दूध, प्रवास, घरातला क्षयरोग.

नातेवाइकांनो, ही यादी तुमच्याइतकी अचूक कुणाकडेच नसते. जुन्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटं, मोबाइलमधले फोटो, सगळं एकत्र करा. विशेषतः 'तापासाठी दिलेलं एक इंजेक्शन' नेमकं काय होतं ते शोधून काढा. त्यात स्टिरॉइड असू शकतं.

## टप्पा ३: सुईआधीचं रक्त

हे नमुने बायोप्सीच्या आधी घ्यायचे, कारण यांतले काही आकडे बायोप्सीची निकड ठरवतात आणि काही पॅथॉलॉजिस्टला दिशा देतात.

यकृताच्या चाचण्या, एलडीएच (पेशी नाश पावताना वाढणारं एन्झाइम), सीबीसी आणि रक्ताचा पेरिफेरल स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेला. मशीनच्या आकड्यांत असाधारण लिम्फोसाइट हरवतात. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई. बी साठी पृष्ठभागाच्या अँटिजेनसोबत अँटि-एचबीसी टोटलही करा. पुढे स्टिरॉइड किंवा केमो द्यावी लागली तर दबलेला विषाणू उसळतो, आणि तो धोका आधी कळायला हवा. ईबीव्ही (एपस्टीन-बार विषाणू) आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) यांचं पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी. नुसती ईबीव्ही अँटिबॉडी पुरत नाही, रक्तातल्या डीएनएचं प्रमाण हवं. एचटीएलव्ही-१ (टी-पेशींना लागण करणारा विषाणू). ऑटोइम्यून यकृतविकाराच्या अँटिबॉडीज आणि आयजीजी. इतिहासानुसार ब्रुसेला, क्यू फीवर, काळा आजार.

आणि एक गट वेगळा, कारण इथे घड्याळ चालू असतं: हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, बोलीत एचएलएच. यात टी-पेशी आणि मॅक्रोफेज (गिळंकृत करणाऱ्या भक्षक पेशी) एकमेकांना चिथावत राहतात आणि शरीर स्वतःच्याच आगीत होरपळतं. २००४ च्या निकषांतल्या ८ पैकी ५ गोष्टी लागतात: ३८.५ अंश किंवा जास्त ताप, प्लीहा वाढणं, तीनपैकी दोन रक्तपेशी घटणं, उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड २६५ मिलिग्रॅम किंवा जास्त अथवा फायब्रिनोजन (रक्त गोठवणारं प्रथिन) १५० मिलिग्रॅम किंवा कमी, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) ५०० किंवा जास्त, बोन मॅरो-प्लीहा-गाठीत रक्तपेशी गिळणारे मॅक्रोफेज, एनके (नॅचरल किलर) पेशींचं काम मंदावणं, आणि विरघळलेला सीडी२५ (टी-पेशी चेतल्याची रक्तातली खूण) २४०० युनिट किंवा जास्त. प्रौढांत फेरिटिन ५०० ही फार सैल रेघ आहे, कित्येक आजारांत ती ओलांडली जाते. त्यामुळे एका आकड्यापेक्षा दिशेकडे पाहा. फेरिटिन रोज चढतंय आणि प्लेटलेट रोज उतरतायत, हे चित्र एकट्या कुठल्याही आकड्यापेक्षा बोलकं असतं.

सावधान: ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) अचानक उतरला म्हणून खूश होऊ नका. ताप तसाच, फेरिटिन वाढतंय आणि ईएसआर कोसळलाय, याचा अर्थ फायब्रिनोजन संपत चाललं आहे. हे बरं होण्याचं नव्हे, एचएलएच पेटल्याचं लक्षण असू शकतं.

विरघळलेला सीडी२५ फेरिटिनच्या मानाने बेसुमार वाढलेला असेल तर एचएलएचच्या मागे लिम्फोमा लपल्याचा संशय वाढतो. ही चाचणी सगळीकडे होत नाही. पण होत असेल तर स्टिरॉइडआधीच पाठवा.

## टप्पा ४: स्टिरॉइड थांबवून धरा

या लेखातली एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवणार असेल तर ती ही असावी. नमुना आधी, स्टिरॉइड नंतर.

स्टिरॉइड लिम्फोमाच्या पेशी मारतं. काही दिवसांच्या डोसनेही पेशी इतक्या घटू शकतात की बायोप्सीत फक्त थोडी सूज आणि मृत पेशींचा पसारा उरतो. पेट-सीटीवरची (सक्रिय पेशी उजळून दाखवणाऱ्या स्कॅनवरची) चमक मावळते. ताप उतरतो, भूक लागते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि सगळ्यांना वाटतं की निदान बरोबर होतं. पण स्टिरॉइडने ताप उतरला यावरून काहीच सिद्ध होत नाही. लिम्फोमाचा ताप उतरतो, ऑटोइम्यून आजाराचा उतरतो, औषधाच्या प्रतिक्रियेचा उतरतो, क्षयरोगाचाही काही काळ उतरतो.

दबाव मात्र खूप असतो. रुग्ण तळमळतोय, नातेवाईक विचारतायत 'डॉक्टर, काहीतरी द्या', आणि बायोप्सीची तारीख चार दिवसांनी आहे. अशा वेळी बायोप्सी अलीकडे आणायची. फोन उचलून रेडिओलॉजिस्टशी बोला. कारण सांगितलं तर तारीख बहुधा बदलते.

अपवाद आहे, आणि तो ठामपणे सांगायला हवा. एचएलएचने रुग्ण झपाट्याने खालावत असेल, रक्तदाब पडत असेल, भान हरपत असेल, तर नमुन्यासाठी उपचार अडवून ठेवणं जिवावर बेतू शकतं. तिथे त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, जे मिळेल ते गोळा करा: बोन मॅरो, रक्ताचा फ्लो सायटोमेट्रीचा (जिवंत पेशींच्या खुणा मोजणाऱ्या चाचणीचा) नमुना, ईबीव्ही पीसीआर, रक्ताची कल्चर्स, सीरमच्या एक-दोन जादा नळ्या गोठवून. बोन मॅरो पलंगाशेजारी काही मिनिटांत होतो आणि प्लेटलेट कमी असतानाही करता येतो. मग लगेच उपचार सुरू. यकृत नंतर.

स्टिरॉइड आधीच दिलं गेलं असेल तर लपवू नका. औषधाचं नाव, डोस, पहिली आणि शेवटची तारीख बायोप्सीच्या मागणीपत्रावर ठळक लिहा. रुग्ण स्थिर असेल तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली डोस कमी करत बंद करून, ताप परत आल्यावर बायोप्सी घेणं शहाणपणाचं ठरतं. बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड एकदम तोडू नये, हेही इथेच सांगतो.

क्षयरोगाची औषधं 'चालवून पाहू' ही याच जातीची दुसरी अडचण. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड तिघंही यकृताला त्रास देऊ शकतात. दोन आठवड्यांनी एन्झाइम वाढले की मूळ आजार कुठला आणि औषधाचा त्रास कुठला हे वेगळं काढता येत नाही. क्षयरोगाचा संशय बळकट असेल तर उपचार जरूर करा. फक्त कल्चर आणि पीसीआरचे नमुने आधी निघालेले हवेत.

## टप्पा ५: तुकडा कुठून, आणि तयारी काय

यकृत हा पहिला पर्याय असेलच असं नाही. हाताला लागणारी गाठ असेल तर आख्खी गाठ काढून तपासणं जास्त उत्तरं देतं. विशेषतः अँजिओइम्यूनोब्लास्टिक टी-सेल लिम्फोमात, जिथे गाठीची रचनाच निदान सांगते. पेट-सीटी करता आलं तर ते बायोप्सीआधी करा, म्हणजे कुठे टोचायचं ते कळेल. गाठी नाहीत, यकृत-प्लीहा वाढलेली, प्लेटलेट कमी, एलडीएच वाढलेला, असं चित्र असेल तर यकृत आणि बोन मॅरो दोन्ही एकाच फेरीत घ्या. हेपॅटोस्प्लेनिक लिम्फोमात बोन मॅरो जवळजवळ नेहमीच बाधित असतो, पण पेशी सायनसमध्ये विखुरलेल्या असल्यामुळे सीडी३चा स्टेन (टी-पेशी रंगवून दाखवणारी चाचणी) केल्याशिवाय त्या नजरेतून निसटतात.

मार्ग ठरवताना नेहमीचा ठोकताळा असा: प्लेटलेट ५०,००० च्या वर, आयएनआर (रक्त गोठण्याचा निर्देशांक) १.५ च्या आत आणि पोटात पाणी नसेल तर सोनोग्राफीच्या मदतीने त्वचेतून. नाहीतर मानेच्या शिरेतून, म्हणजे ट्रान्सजुग्युलर. या रुग्णांत प्लेटलेट बऱ्याचदा कमीच असतात, म्हणून दुसऱ्या मार्गाची सोय कुठे आहे हे आधी शोधून ठेवा. मानेच्या मार्गाने तुकडे बारीक येतात. रेडिओलॉजिस्टला जास्त वेळा घ्यायला सांगा.

तयारीत हमखास सुटणारी बाब: तापासाठी चालू असलेली वेदनाशामकं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही प्लेटलेटचं काम बिघडवतात, आकडा कितीही चांगला दिसो. ती आधी थांबवा. तापाला पॅरासिटामॉल, तेही यकृत दुखावलेलं आहे हे ध्यानात ठेवून कमी डोसमध्ये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच थांबवायच्या.

पुढे जाण्याआधी तपासा:
- सोनोग्राफीत हायडॅटिडची गाठ किंवा रक्तवाहिन्यांची गाठ नाही ना?
- रक्तगट आणि क्रॉसमॅच तयार?
- प्रयोगशाळा त्या दिवशी, त्या वेळी ताजा तुकडा घ्यायला उघडी आहे? शुक्रवारी संध्याकाळची बायोप्सी म्हणजे ताज्या नमुन्याचा घात.

सुई १६ गेज किंवा जाड, तुकड्यांची एकूण लांबी किमान २ सेंटिमीटर, आणि काचेखाली ११ किंवा जास्त पोर्टल ट्रॅक्ट दिसावेत हे उद्दिष्ट. बायोप्सीनंतरची बहुतेक गुंतागुंत पहिल्या काही तासांत आणि जवळजवळ सगळी २४ तासांत दिसते. नाडी-रक्तदाबाच्या नोंदी पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी. उजव्या खांद्यात थोडं दुखणं नेहमीचं. दुखणं वाढत जाणं, नाडी जलद होणं, घाम फुटणं हे नेहमीचं नाही.

## टप्पा ६: तुकड्याची वाटणी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही अर्ध्या मिनिटात. सुईतून तुकडा बाहेर येतो, कुणीतरी सवयीने फॉर्मेलिनची बाटली पुढे करतं, सगळं आत जातं. कल्चर संपलं, फ्लो सायटोमेट्री संपली.

बायोप्सीच्या खोलीत जाण्याआधी तीन डब्या तयार ठेवा, प्रत्येकीवर नाव, नोंदणी क्रमांक आणि आतलं द्रव लिहून.

पहिली: १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या किमान दहापट. सर्वांत लांब, अखंड तुकडा इथे. हिस्टोपॅथॉलॉजी, इम्यूनोस्टेन आणि जीनची चाचणी याच्यावरच चालेल.

दुसरी: निर्जंतुक डबीत थोडं निर्जंतुक सलाइन. क्षयरोगाचं पीसीआर आणि कल्चर, बुरशी आणि इतर जिवाणू. ब्रुसेलाचा संशय असेल तर प्रयोगशाळेला फोन करून सांगा. तिथल्या माणसांना त्याची लागण होऊ शकते.

तिसरी: आरपीएमआय किंवा प्रयोगशाळा सांगेल ते माध्यम, फ्लो सायटोमेट्रीसाठी, त्याच दिवशी पोहोचवायची.

तुकडा एवढासाच आला तर? मग प्राधान्य ठरवावं लागतं. माझं मत: फॉर्मेलिन पहिलं, कल्चरची डबी दुसरी. फ्लोसाठी बोन मॅरो किंवा रक्तही वापरता येतं, यकृतातल्या जंतूंना पर्याय नाही.

सावधान: तुकडा कोरड्या गॉजवर ठेवू नका, चिमट्याने चिरडू नका. लिम्फोसाइट फार नाजूक असतात. चिरडलेल्या पेशींवरून कुणीही निदान देऊ शकत नाही.

## टप्पा ७: मागणीपत्रावर गोष्ट लिहा

'तापाचा रुग्ण, कृपया मत द्यावे' एवढ्यावर पॅथॉलॉजिस्ट काय करणार? हे लिहा: वय, लिंग, तापाची मुदत, गाठी आहेत की नाहीत, प्लीहेचा आकार, तिन्ही रक्तपेशींचे आकडे, फेरिटिन, एलडीएच, ईबीव्हीचा निकाल, औषधांची यादी, स्टिरॉइडची तारीख. आणि शेवटी स्पष्ट प्रश्न. उदाहरणार्थ: 'सायनुसॉइडमध्ये टी-पेशींचा लिम्फोमा आहे का? रक्तपेशी गिळणारे मॅक्रोफेज दिसतात का? ग्रॅन्युलोमा आहेत का?' ब्लॉक (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) कापतानाच जास्तीच्या कोऱ्या स्लाइड काढून ठेवायला सांगा. पुन्हा पुन्हा ब्लॉक मशीनवर चढवला की प्रत्येक वेळी थोडा ऊतक छाटून वाया जातो, आणि यकृताच्या बारीक तुकड्यात वाया घालवायला काही नसतं.

## टप्पा ८: रिपोर्ट वाचताना आधी 'कुठे', मग 'कोण'

निरोगी यकृतातही टी-पेशी असतात, आणि त्यांत सीडी८ जास्त असतात. म्हणून 'टी-पेशी आहेत' ही बातमीच नाही. किती आहेत, कुठे आहेत आणि कशा दिसतात, हे तीन प्रश्न विचारा.

पोर्टल भागात दाटी, सीमेवरच्या यकृतपेशी कुरतडलेल्या आणि सोबत प्लाझ्मा पेशी, असं असेल तर ऑटोइम्यून हिपॅटायटिसकडे बोट जातं. पण त्यात सतत चढा ताप असणं अपेक्षित नाही. ताप जोरदार असेल तर या निदानावर थांबू नका.

पोर्टल सूज आणि इओसिनोफिल: औषध.

ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे छोटे पुंजके): क्षयरोग, ब्रुसेला, सारकॉइड, औषधं. मध्ये पोकळी आणि भोवती फायब्रिनचं कडं असेल तर क्यू फीवर आठवा. मात्र ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे लिम्फोमा बाद, असं नाही. हॉजकिन आणि काही टी-सेल लिम्फोमांच्या शेजारीही ग्रॅन्युलोमा बनतात. उलटपक्षी, झील-नील्सन स्टेनमध्ये जंतू दिसला नाही म्हणून क्षयरोगही बाद होत नाही. यकृतात जंतू इतके विरळ असतात की तो स्टेन बहुधा रिकामाच येतो.

सायनुसॉइडमध्ये पेशींच्या रांगा: इथे नजर रोखायची. ईबीव्हीच्या साध्या मोनोन्यूक्लिओसिसमध्ये पेशी माळेसारख्या ओवलेल्या दिसतात, पण लहान-मोठ्या, नाना तऱ्हांच्या असतात. हेपॅटोस्प्लेनिक लिम्फोमात त्या मध्यम आकाराच्या, एकसारख्या असतात, सायनुसॉइड फुगवतात आणि पोर्टल भाग त्या मानाने मोकळा असतो. एचएलएचमध्ये सीडी८ पेशींसोबत कुफर पेशी (यकृतातले मॅक्रोफेज) फुगलेल्या आणि पोटात रक्तपेशी घेतलेल्या. टी-पेशींचा लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइट ल्युकेमिया आणि एचटीएलव्ही-१ मुळे होणारा ल्युकेमिया-लिम्फोमाही याच जागी बसतात.

## टप्पा ९: स्टेनचा संच पुरा करून घ्या

सीडी३ आणि सीडी२० (बी-पेशींची खूण) एवढ्यावर रिपोर्ट संपला असेल तर तो अर्धाच आहे. सीडी४, सीडी८, सीडी५, सीडी७, सीडी५६, टीआयए-१, ग्रॅन्झाइम बी, सीडी३०, टीसीआर (टी-सेल रिसेप्टर) बीटा, टीसीआर डेल्टा, केआय-६७, सीडी६८, आणि ईबीव्हीसाठी ईबर इन-सिटू ही मागणी करा.

हेपॅटोस्प्लेनिक लिम्फोमाचा नेहमीचा नमुना: सीडी३ हो, सीडी५ नाही, सीडी४ नाही, सीडी८ बहुधा नाही, सीडी५६ बहुधा हो, टीआयए-१ हो, ग्रॅन्झाइम बी नाही, ईबर नाही, टीसीआर डेल्टा बहुतेक वेळा हो. गुणसूत्रांच्या तपासणीत आयसोक्रोमोसोम ७क्यू मिळाला तर बाजू भक्कम होते.

पण एक खाचखळगा आहे. निरोगी गॅमा-डेल्टा टी-पेशींतही (ज्यांचा टीसीआर गॅमा आणि डेल्टा साखळ्यांचा असतो) सीडी५ फिका असतो, आणि सीडी४-सीडी८ दोन्ही नसणं त्यांच्यात सामान्य आहे. त्यामुळे 'सीडी५ हरवला' एवढ्यावर लिम्फोमा म्हणू नका. पेशींची संख्या, एकसारखेपणा आणि जागा यांच्यासोबतच त्या खुणेला वजन आहे.

ईबर उजळला तर पुढचा प्रश्न लगेच विचारा: कुठल्या पेशींत? मोनोन्यूक्लिओसिसमध्ये तो थोड्या, प्रामुख्याने बी-पेशींत असतो. टी किंवा एनके पेशींत भरभरून असेल तर दीर्घकाळचा सक्रिय ईबीव्ही आजार किंवा ईबीव्हीचा टी-सेल लिम्फोमा हे वेगळं आणि जास्त गंभीर प्रकरण आहे. एकाच स्लाइडवर ईबर आणि सीडी३ असा दुहेरी स्टेन हे ठरवतो.

सावधान: टी-पेशींच्या गर्दीत बी-पेशींचा लिम्फोमा लपतो. टी-सेल आणि हिस्टिओसाइटयुक्त लार्ज बी-सेल लिम्फोमात मूळ कर्कपेशी मोजक्याच, विखुरलेल्या असतात आणि भोवती निष्पाप टी-पेशींचा समुद्र. यकृत, प्लीहा, बोन मॅरो आणि ताप ही त्याची आवडती जागा आणि लक्षण. सीडी२० आणि पॅक्स-५च्या स्लाइडवर एकेक मोठी पेशी शोधायला सांगा. हॉजकिनसाठी सीडी१५ आणि सीडी३०. हे चुकलं तर उपचारच वेगळा पडतो.

## टप्पा १०: क्लोनॅलिटीचा अर्थ जपून लावा

टी-सेल रिसेप्टर जीनची चाचणी सांगते की या पेशी एकाच आईच्या लेकी आहेत की अनेक घरच्या. 'क्लोनल' म्हणजे कर्करोग, हे समीकरण चूक आहे. तीव्र ईबीव्ही संसर्गात, ऑटोइम्यून आजारात, वाढत्या वयात मर्यादित क्लोन सापडतात. शिवाय तुकड्यात टी-पेशी थोड्याच असतील तर चाचणी खोटा क्लोन दाखवते. म्हणून प्रयोगशाळेला विचारा: चाचणी दोनदा केली का, आणि दोन्ही वेळा शिखर त्याच जागी आलं का?

उलट बाजूने, क्लोन नाही म्हणून लिम्फोमा नाही असंही नाही. एनके पेशींच्या आजारात टीसीआर जीन जुळलेलाच नसतो.

तिसरी चूक फारच वरचेवर दिसते: 'टीआरजी जीन (गॅमा साखळीचा जीन) क्लोनल' वाचून 'गॅमा-डेल्टा लिम्फोमा' लिहिणं. अल्फा-बीटा टी-पेशींतही गॅमा जीनची जुळणी आधीच झालेली असते. पेशी गॅमा-डेल्टा आहे की नाही ते टीसीआर डेल्टाचा स्टेन किंवा फ्लो सायटोमेट्री सांगेल, ही चाचणी नव्हे.

सर्वांत उपयोगी निकाल कोणता? यकृत आणि बोन मॅरो, दोन वेगळ्या जागी नेमका तोच क्लोन. त्यासाठीच टप्पा ५ मध्ये दोन्ही एकत्र घ्यायला सांगितलं.

## टप्पा ११: तरीही उत्तर नसेल तर

पहिल्या फेरीत उत्तर न मिळणं सामान्य आहे. फिजिशियन, रक्तविकारतज्ज्ञ, संसर्गरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांना एकाच वेळी एकाच टेबलाशी, निदान एका फोन कॉलवर आणा. स्लाइडकडे पाहणाऱ्याला ताज्या रक्ताचे आकडे माहीत नसतात, आणि वॉर्डातल्या माणसाने स्लाइड पाहिलेली नसते. दहा मिनिटांच्या अशा बोलण्यातून निघणारं उत्तर चार लेखी मतांतून निघत नाही.

मग ठरवा: थांबून पाहायचं की पुन्हा टोचायचं. रुग्ण खातोय, वजन टिकून आहे, प्लेटलेट स्थिर आहेत, तर आठवड्यातून दोनदा सीबीसी, फेरिटिन, एलडीएच आणि यकृताच्या चाचण्या करत थांबता येतं. क्षयरोगाचं कल्चर ६ ते ८ आठवडे चालू राहू शकतं, त्याचा अंतिम निकाल मागायला विसरू नका. प्लेटलेट घटतायत, प्लीहा वाढतेय, बिलिरुबिन चढतंय, तर वाट पाहू नका. बोन मॅरो पुन्हा, यकृत पुन्हा. काही निवडक रुग्णांत प्लीहा काढूनच निदान होतं. तो निर्णय रक्तविकारतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून घ्यायचा.

दुसरं मत घ्यायला निघालेल्या नातेवाइकांसाठी: रिपोर्टच्या झेरॉक्सवर दुसरा पॅथॉलॉजिस्ट मत देऊ शकत नाही. मूळ स्लाइड आणि पॅराफिनचा ब्लॉक मागून घ्या. तो लेखी अर्ज केल्यावर मिळतो. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. पेट-सीटीची सीडी, तापाचा कागद आणि औषधांचा तारखांचा तक्ता सोबत न्या, आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की स्टिरॉइड दिलं आहे की नाही, दिलं असेल तर कुठल्या तारखेपासून.